गोळा उठला का

पार्डीज टिकल, न्यूफाउंडलंड
२८ सप्टेंबर १९९२

प्रिय हुल्दा,

हे पत्र पोस्टाने येत नाही. पाद्रीबाई लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे. तिथून त्या तुला हॅमिल्टनला पाठवतील. वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्याकडे चूल नाही हे लक्षात आहे, तेव्हा फाडून टाक.

गोष्ट तुझ्या भावाची आहे. जुलैत सरकारने कॉडची मासेमारी बंद केली, त्या दिवशी ओबेदने होडी किनाऱ्यावर ओढली, उपडी घातली, घरात आला आणि स्वयंपाकघरातल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मला वाटलं, दमलाय. आज बारा आठवडे झाले. जेवायला बसतो, पुन्हा आडवा. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. रविवारी चर्चलाही येत नाही. रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, प्रार्थना तर रोजचीच. मासळीचा कारखाना बंद म्हणून मीही घरीच आहे. चोवीस वर्षं माशांचे काटे काढले, आता हात रिकामे. पण बाईच्या हाताला घरात काहीतरी सापडतंच. त्याच्या हातांना काय सापडणार?

हे तुला एरवी लिहिता येत नाही, कारण इथली रीत तू विसरली नसशील. तुझं पत्र आलं की चहाच्या वेळी मोठ्याने वाचायचं. शेजारचे जोब काका त्याच्यासाठीच जिवंत आहेत असं म्हणतात. जाणारं पत्रसुद्धा पाकीट बंद करण्याआधी वाचून दाखवायचं, ज्याला त्याला शेवटी आपला निरोप घालायचा असतो. आणि ओबेद तिथेच पडलेला. फोन म्हणशील तर तो बरोबर त्याच्या उशाशी भिंतीवर आहे. शिवाय लांबचा फोन महाग.

म्हणून मी तोड काढली आहे. यापुढे मी पावाच्या गोळ्याबद्दल लिहीन. गोळा म्हणजे ओबेद. सासूबाईंचा शब्द तुला आठवत असेलच. पाव फुगला असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. "फुगतात ती माणसं," म्हणायच्या, "गोळा उठतो." तर मी लिहिलं की गोळा उठत नाही, की तू समजून घे, आणि तसंच उत्तर दे. नीट जप. त्याला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल.

तुझी
एफी


पार्डीज टिकल
१२ ऑक्टोबर १९९२

प्रिय हुल्दा,

देवाच्या दयेने इकडे सर्व ठीक. ब्लूबेरी यंदा भरपूर झाल्या, मुरंबा करून ठेवला. ओबेद बरा आहे.

फक्त माझा पावाचा गोळा काही केल्या उठत नाही. जुलैपासून थंडगार पडून आहे. ऊब दिली, जागा बदलून पाहिली, हलवून पाहिला. हल्ली तर त्याला बोललेलंही सोसत नाही. तू त्याला माझ्याआधीपासून ओळखतेस, तेव्हा काय करावं ते कळव.

जोब काका विचारताहेत, हॅमिल्टनमध्ये सीलचं मटण मिळतं का. नसेल तर तिथे राहण्यात काय राम आहे, असंही लिही म्हणतात.

तुझी
एफी


हॅमिल्टन, ओंटारिओ
२४ ऑक्टोबर १९९२

प्रिय एफी,

तुझं पत्र वाचून मी मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षं पाव करणारी बाई तू, आणि गोळा उठत नाही म्हणतेस? गोळ्याला बोललेलं सोसत नाही म्हणजे काय गं? तुझी तब्येत बरी आहे ना? ओबेदला विचार, ही रात्री झोपते का नीट.

मुळात जुलैपासूनचा गोळा घरात ठेवलासच कसा? वास येत असेल. तू काटकसरी आहेस हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे, पण काटकसरीलाही काही सुमार असतो. असला गोळा सुधारत नाही. मन घट्ट कर आणि कोंबड्यांना घाल. कोंबड्यांनी तोंड लावलं नाही तर खाडीत फेक. आणि नवा कर. या वयात होईल का, असली शंका मनात आणू नकोस. हात सरावलेले आहेत तुझे.

नव्याला मात्र लाडावून ठेवू नकोस. आई कशी टेबलावर घेऊन दणादण बडवायची, तसा बडव. मग बाबांच्या जुन्या कोटात गुंडाळ. सुरीने वर क्रूस काढायला विसरू नकोस. आणि पहाटे कुणीतरी उठून चूल पेटती ठेवायला हवी, थंड स्वयंपाकघरात काहीच उठत नाही. मी इथे अजून आठवड्यातून दोनदा पाव करते, कधी बिघडत नाही.

जोब काकांना सांग, सील नाही मिळत, पण बर्फ घरात येत नाही.

तुझी
हुल्दा


पार्डीज टिकल
६ नोव्हेंबर १९९२

प्रिय हुल्दा,

एरवी तू हुल्दा, पण उपदेश करायला लागलीस की अगदी वन्सं होतेस.

पत्र चहाच्या वेळी वाचलं. निम्म्यात आल्यावर पुढे काय येणार ते मला दिसायला लागलं, पण जोब काका समोर बशी धरून बसलेले, थांबता येईना. "कोंबड्यांना घाल" वाचलं आणि ओबेदला एकदम हुडहुडी भरली. भिंतीकडे तोंड, पण खांदे गदागदा हलत होते. दारातून वारा येतो तिकडे. मी उठून आणखी एक गोधडी घातली.

जोब काका गंभीर होऊन घरी गेले. त्यांनी पार्डीज टिकलमधलं एकही घर सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात गुंडाळलेला पाव आणि चेहरा मयताला आल्यासारखा. रविवारपर्यंत माझ्या टेबलावर सात पाव झाले. चर्चच्या मेळ्यात तेरा वर्षं पहिला नंबर कुणाच्या पावाचा, विचार कुणालाही. मी सगळ्यांना "देव तुमचं भलं करो" म्हटलं आणि दात आवळून हसले. सगळ्याजणी दिवाणाच्या कडेला टेकून चहा प्यायच्या, त्यामुळे ओबेदला पाय मुडपून घ्यावे लागले. जोब काका रोज येतात, प्रत्येक पावाची चव बघून कोणाचा बरा ते सांगतात.

पाद्रीबाई तुला भेटल्या का? पत्र पाठवलं का त्यांनी? त्यांच्याजवळ निरोप दिला होता. निरोप, हुल्दा.

तुझी
एफी


हॅमिल्टन
१६ नोव्हेंबर १९९२

प्रिय एफी,

निरोप काल मिळाला. पाद्रीबाईंच्या पावसाळी कोटाच्या खिशात दीड महिना होता म्हणे. थंडी पडून तो कोट बदलायची वेळ आली तेव्हा सापडला.

मी काय काय लिहिलं होतं ते आठवून काल मला जेवण गेलं नाही. तर माझे शब्द मी परत घेते. गोळा कोंबड्यांना घालायचा नाही. खाडीतही नाही. बडवायचा तर मुळीच नाही. त्याच्या जागी नवा करायची तर गोष्टच काढू नकोस. तो गोळा चांगल्या घरचा आहे. पीठ उत्तम आहे, मला त्याची आई माहीत आहे. पूर्वीही एकदा तो असाच बसला होता, आई गेली तेव्हा. दहा दिवसांनी आपोआप उठला आणि काकवी मागितली. म्हणजे त्याला काकवी लावली, असं म्हणायचं होतं मला.

कोटाचं मात्र खरं आहे. ऊब दे आणि वाट बघ.

पण वाट बघायलाही मर्यादा हवी. ईस्टरपर्यंत उठला नाही तर मी येईन आणि भांड्यासकट तुम्हा दोघांना इकडे घेऊन येईन. घर बंद करा. इथे दोन खोल्या नुसत्या रिकाम्या पडल्या आहेत. तुला गाव सोडवत नाही हे मला कळतं, पण मी हे मनापासून लिहिते आहे.

तुझी
हुल्दा


पार्डीज टिकल
२२ जानेवारी १९९३

प्रिय हुल्दा,

मी शाळेत जाते. हस आधी, मग पुढे वाच.

कारखान्यातल्या बायकांसाठी पलीकडच्या गावात दहावी-बारावीचे वर्ग निघाले आहेत. मी आठवीत शाळा सोडली होती. सकाळी सातला बस. आम्ही अकराजणी, सगळ्या पन्नाशीच्या आसपास, आणि बाकं लहान मुलांची. बसताना सगळ्याजणी एकदम "देवा" म्हणतो, त्यामुळे मास्तरांना वाटतं वर्ग प्रार्थनेने सुरू होतो. आता मी शाळेत बसून लिहिते, म्हणजे हे कुणाला वाचून दाखवायला नको. पण गोळ्याची सवयच लागली आहे.

पहिल्या दिवशी घाईत पाव भाजायचा राहिला. पीठ रात्रभर उठून भांड्यात काठोकाठ आलेलं, तसंच टाकून बस धरली. दिवसभर डोळ्यांसमोर तेच, आता उतू गेलं असेल, जमिनीवर आलं असेल. घरी येऊन पाहते तर टेबलावर पाव भाजून ठेवलेला. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. ओबेद दिवाणावर, भिंतीकडे तोंड. "हे कुणी केलं?" तर म्हणतो, "भांड्यातून माझ्याकडे बघत होतं. किती वेळ बघू देणार?"

त्यानंतर रोज तोच भाजतो. चूलही पहाटे पेटलेली असते. बोलत नाही. भाजून झालं की पुन्हा आडवा. पण परवा भूमितीत माझी गाडी अडली. मी टेबलाशी डोकं धरून बसले होते. दिवाणावरून आवाज आला, "चर्चचा कळस काळ्या खडकाच्या डोक्यावर दिसायला हवा, आणि जोब काकांचं धुराडं दिव्याच्या खांबाला चिकटलेलं. म्हणजे होडी बरोबर माशांवर उभी. तोच तुझा कोन." मी तो कोन आता मरेपर्यंत विसरणार नाही.

तर गोळा कोमट आहे. घाई करू नकोस.

तुझी
एफी


पार्डीज टिकल
१७ मार्च १९९३

प्रिय हुल्दा,

काल पाद्रीबाई आल्या. आपल्याकडे दार कुणी वाजवत नाही, सरळ आत यायचं. त्या दार वाजवून आल्या, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. हा वेगळा गोळा.

म्हणाल्या, "एफी, ईस्टरच्या प्रभुभोजनाचा पाव यंदा शहरातून मागवू या. तुमच्यामागे शाळा आहे, शिवाय हल्ली ते तुमचं पाव न उठणं... तुम्हाला अवघडल्यासारखं नको व्हायला." मन वाईट नाही त्यांचं. पण हुल्दा, अठरा वर्षं त्या टेबलावर माझा पाव आहे. तीन गोळे एका भांड्यात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असं सासूबाईंनी शिकवलेलं. यंदा पिशवीतला, यंत्राने कापलेला ठेवणार. माझा पाव कधी बिघडलाच नव्हता असं सांगायला तोंड उघडलं, आणि दिवाणाकडे नजर गेली. मग काय न उठणारं होतं, हे कोणत्या तोंडाने सांगू? "बरं," म्हटलं.

गोळ्याचं म्हणशील तर तो भांड्यातल्या भांड्यात उठतो. काठाबाहेर येत नाही. आठ महिने झाले, दाराबाहेर पाऊल नाही. ईस्टर ११ एप्रिलला. तुझा शब्द तू पाळशील हे मी जाणते. मी रिकामी खोकी गोळा करायला लागले आहे. भांडी कशात बांधायची त्याची चिंता नाही, जुनी वर्तमानपत्रं मी कधी टाकली नाहीत.

प्रार्थनेत आमची आठवण ठेव.

एफी


पार्डीज टिकल
१० एप्रिल १९९३

हुल्दे,

घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. मी पत्र लिहितो आहे, एवढंच.

एफी चर्चमध्ये फुलं लावायला गेली आहे, तोवर उरकतो. गोळा मीच, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. टेबलावर रोज हा एवढा टम्म पाव, आणि पत्रात म्हणे उठत नाही. जन्मभर मासे पकडले म्हणजे पावातलं कळत नाही असं नाही. आणि गोळ्याला बोललेलं सोसत नाही? तुझ्या भावजयीला देवाने सगळं दिलं, चोरून काही करायची कला तेवढी दिली नाही.

मला आधी राग आला. मग तुझं पत्र आलं. तू मला कोंबड्यांना घालायला सांगितलंस. कोंबड्या तोंड लावतील की नाही, ही वर शंका. आणि मग एफीला या वयात नवा करायला सांगितलंस. मी भिंतीकडे तोंड करून इतका हसलो की बरगड्या दुखल्या. एफीला वाटलं थंडी वाजतेय, तिने गोधडी घातली, तेव्हा तर जीवच जायचा होता. जुलैपासून मी हसलो नव्हतो. हसता येतं हे विसरलो होतो.

नंतर विचार करत पडलो. तुम्ही दोघी मला आळशी म्हणू शकला असता. बाहेर गावात काही जण म्हणतही असतील. तुम्ही गोळा म्हणालात. न उठणाऱ्या गोळ्यावर कुणी संतापत नाही. त्याला पांघरूण घालतात आणि मधून मधून फडकं उचलून बघतात. मला वाटायचं, मासे संपले म्हणजे मी संपलो. पण मासे संपले आणि पीठ होतं. पहिला पाव दगड झाला. दुसराही. तीस एक पाव झाल्यावर हाताला कळलं कधी थांबायचं. जाळं ओढताना कळायचं तसंच.

पाद्रीबाई काय बोलल्या ते मी ऐकलं. माझ्यापायी तिचा पाव प्रभूच्या टेबलावरून उतरला. हे मला सहन झालं नाही. आज मी तीन गोळ्यांचा पाव मळला आहे. आईच्या रीतीने वर क्रूस काढला. बाबांचा कोट कसरीने खाल्ला, म्हणून माझ्या समुद्रावरच्या कोटात गुंडाळून ठेवला आहे. उद्या भाजून चर्चला न्यायचा. दारातून चर्चपर्यंत दोनशे पावलं आहेत, मी खिडकीतून मोजली. पाऊल उंबऱ्याबाहेर पडेल का, हे आज लिहून देत नाही.

तू ये, पण आम्हाला न्यायला नको. राहायला ये.

तुझा भाऊ
ओबेद


पार्डीज टिकल
१२ एप्रिल १९९३

प्रिय हुल्दा,

ओबेदने तुला पत्र टाकलं, हे मला पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. काय लिहिलं ते तो सांगत नाही, नुसता हसतो. मी माझं सांगते.

काल सकाळी मी एकटीच चर्चला गेले. तो म्हणाला, "तू हो पुढे." हे तो दर रविवारी म्हणायचा, म्हणून मी मागे पाहिलं नाही. पहिलं गीत झालं. दुसरं सुरू झालं आणि मागचं दार उघडलं. वारा आत आला तशी सगळ्यांनी मान वळवली. ओबेद. लग्नातला सूट घातलेला, तो आता पोटावर बसत नाही. हातात मासेमारीचा कोट, बाळ धरल्यासारखा. चर्चभर ताज्या पावाचा वास सुटला. पेटी वाजवणारी मुलगी चुकली आणि गाणं थांबलं.

तो सरळ पुढे गेला, पाद्रींसमोर कोट उघडला. तीन घुमटांचा पाव, सोनेरी, माझ्यापेक्षा चांगला. हे मी फक्त तुला लिहिते आहे. मग तो लोकांकडे वळला. एवढंच म्हणाला, "एफीचा पाव कधीच बिघडला नव्हता. न उठणारा गोळा मी होतो." आणि येऊन माझ्याशेजारी बसला. मी त्याचा हात धरला. पिठाचा होता अजून.

तेवढ्यात जोब काका मागून म्हणाले, आणि त्यांना हळू बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, "ते मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं."

ओबेद मागे वळला. "मग गावभर बोभाटा कशाला केलात, काका?"

"सात घरचे पाव खायला मिळत होते. आणि तुझ्या दिवाणावर कुणीतरी बसायला हवं होतं."

सगळं चर्च हसलं. पाद्रीसुद्धा. पाद्रीबाईंनी पिशवीतला पाव हळूच बाकाखाली सरकवला, तो मी नंतर मागून घेतला, वाया कशाला घालवायचा. प्रभू मरणातून उठला म्हणून ईस्टरच्या सकाळी आपण एकमेकांना काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. बाहेर पडताना पाद्रींनी ओबेदचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उठला आहे." ओबेद म्हणाला, "खरोखर उठला आहे." कोण कुणाबद्दल बोलत होतं ते मी विचारलं नाही.

खोकी जाळायला काढली आहेत. माझी परीक्षा जूनमध्ये.

तुझी
एफी


हॅमिल्टन
२४ एप्रिल १९९३

प्रिय एफी आणि गोळा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी ती स्वयंपाकघरात मोठ्याने वाचली. ऐकायला कुणी नव्हतं, पण रीत ती रीत.

आता माझं ऐका. मी आठवड्यातून दोनदा पाव करते, असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. नॉर्मन गेला आणि मी विधवा झाले, तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, मी पिठाला हात लावलेला नाही. एकटीसाठी कोण मळणार? पिशवीतला आणायचा, चार तुकडे खायचे, उरलेला चिमण्यांना. तुम्हाला बोलावत होते ते तुमच्यासाठी, असं मलाही वाटत होतं. ओबेद, तू उठलास हे वाचून आनंदाने रडले, आणि मग जरा वेळ माझ्या रिकाम्या खोल्यांसाठीही रडले. तेवढं माफ करा.

जूनमध्ये येते. न्यायला नाही. एफीची परीक्षा झाली की पोचेन, आणि महिनाभर दिवाणावर माझा हक्क.

आज सकाळी दुकानातून पीठ आणलं. यीस्टची पुडी उघडली. नॉर्मनचा हिवाळी कोट कपाटातून काढला, अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे. गोळा त्यात गुंडाळून हीटरजवळ ठेवला आहे. चार तास झाले. मधून मधून फडकं उचलून बघते. अजून तसाच आहे. वाट बघते आहे.

तुमची
हुल्दा

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. उठला.